रुंद रस्ते आणि पिसवा

मुंबईत १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे काम प्लेगवरचा शास्त्रीय उपाय होते, हे म्हणणे मला पटत नाही. कोंदट हवेने रोग होतो या समजुतीवर प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आखले गेले. रस्ते उपयोगी पडले, हे खरे. पण घरे पाडल्यावर भाडेकरू शेजारच्या चाळींत शिरले. दाटी फक्त हलली. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला प्रयोग केले. (वर्गात अवश्य सांगावेत.) प्लेगग्रस्त पिसवांच्या खोलीत जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले गिनीपिग मेले, पिसवांची उडी पोहोचणार नाही इतके उंच टांगलेले वाचले. हवा दोन्ही पिंजऱ्यांत एकच होती.