चौकोन आधी, प्रॉम्प्ट नंतर

आज आपण एआयनं बनवलेल्या जातककथांच्या व्हिडिओंबद्दल बोलू. संभाजीनगरहून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. त्यामुळे अशा व्हिडिओंची पारख करायची जबाबदारी आपल्यावर जरा जास्तच येते.

यातली चित्रं देखणी असतात, हे आधीच मान्य करू. राजपुत्राचा चेहरा दर शॉटला बदलतो ही तांत्रिक अडचण आहे, आणि नवी टूल्स ती कमी करत आहेत. आमची तक्रार वेगळी आहे. कथा कुणाच्या बाजूनं दाखवायची, हे बऱ्याचदा कुणी ठरवलेलंच नसतं.

विश्वंतर जातक घ्या. १७ क्रमांकाच्या लेण्यात ते रंगवलेलं आहे. दानशूर राजपुत्र राज्याचा हत्ती देऊन टाकतो, वनवासात जातो आणि तिथे स्वतःची मुलंही जूजक नावाच्या ब्राह्मणाला देतो. त्या वेळी त्यांची आई माद्री फळं आणायला रानात गेलेली असते. आता 'राजपुत्र मुलांचं दान करतो' एवढाच प्रॉम्प्ट दिला, तर बहुधा सोनेरी उजेडातला शांत चेहरा मिळेल. मुलांची भीती, आईचं तिथं नसणं, हे मागितलंच नाही तर येणार कुठून?

अजिंठ्याच्या चित्रकारांनी प्रसंगांभोवती चौकटी आखल्या नाहीत. खांब, दारं, झाडं, खडक यांच्या आधारानं एक प्रसंग संपतो, दुसरा सुरू होतो. तोच माणूस पुन्हा येतो आणि आपण त्याला ओळखतो. हे नियोजनाशिवाय जमत नाही, बघा. डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात चित्रांचे कागद फळ्यावर टाचून स्टोरीबोर्ड करू लागले, तेव्हा हेतू हाच होता: हजारो चित्रं काढायच्या आधी कथा तपासून घ्यायची.

एआयनं चित्र स्वस्त केलं, म्हणून ही पायरी गाळली जाते. आमच्या मते आता तिची गरज वाढली आहे. आधी कागदावर आठ चौकोन काढा. काडीची माणसं चालतील. प्रत्येकाखाली लिहा: कोण बघतंय, काय ऐकू येतंय, किती सेकंद. मग ही चित्रं आवाजासोबत लावून बघायला, पार्श्वभूमीचे दहा पर्याय काढायला टूल खुशाल वापरा.

माद्री परत येते आणि मुलं दिसत नाहीत. हा चौकोन कुठे ठेवायचा, की ठेवायचाच नाही, हे टूल तुम्हाला विचारणार नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल.