छापील देव आणि चित्राबाहेरची माणसे

आमच्या चांदवडला होळकरांच्या रंगमहालात भिंतींवर चित्रे आहेत. भिंतीवरचे चित्र वाड्याच्या मालकीचे असते. ज्याला वाड्यात प्रवेश, त्यालाच ते दिसते. कागदावर छापलेले चित्र मात्र बाजारात येते आणि थोड्या पैशांत झोपडीत जाते. म्हणून छापील चित्र ही सामान्यांची कला, असे आपले समीक्षक सहज म्हणून जातात. मला हे विधान तपासावयाचे आहे. चित्र कोणाच्या घरात गेले, एवढेच विचारून भागत नाही. चित्रात कोण आले, आणि काय करताना आले, हेही विचारले पाहिजे.

याबाबतीत डचांचा इतिहास बोलका आहे. १५६६ साली नेदरलंड्समध्ये धर्मसुधारणावाद्यांनी चर्चमधील मूर्ती व चित्रे फोडली. पण चर्चमधून गेलेले बायबलचे प्रसंग छापील कागदावरून घराघरांत शिरले. ॲमस्टरडॅमच्या विस्खर या प्रकाशकाने आधीच्या कोरक्यांचे तांब्याचे पत्रे वापरून १६४३ मध्ये ‘थिएट्रम बिब्लिकम’ हा बायबलच्या चित्रांचा मोठा ग्रंथ काढला. एकदा पत्रा कोरला की त्यावरून पुन्हा पुन्हा छापता येते. पत्रा ज्याच्या हाती, नफा त्याचा. धर्मप्रसंग असा बाजाराचा माल झाला.

याच शहरात रेम्ब्रांट काम करीत होता. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यावयाचा, सुईने रेघा ओढावयाच्या, आम्लाने त्या खोल करावयाच्या आणि शाई भरून कागदावर दाबावयाच्या, अशी त्याची रीत. १६४८च्या सुमाराचे त्याचे एक चित्र मत्तयाच्या शुभवर्तमानातील १९व्या अध्यायावर आहे. मध्ये येशू. एका बाजूला उजेडात वाद घालणारे परूशी आणि विचारात पडलेला धनिक तरुण. दुसऱ्या बाजूला अंधारातून येणारे रोगी, म्हातारे, चटईवर पडलेली आजारी बाई. रेम्ब्रांटने या माणसांना सुंदर केलेले नाही. त्यांच्या चिंध्यांसह त्यांना धर्मकथेच्या केंद्राजवळ आणले. पण जगाने चित्राला नाव कोणते दिले? ‘शंभर गिल्डरचे चित्र’! त्यातील माणसे विसरली गेली, किंमत लक्षात राहिली. आणि हेही विसरू नये, की याच डचांनी १६३७ मध्ये आफ्रिकेतील एल्मिना किल्ला जिंकून गुलामांचा व्यापार वाढविला. चित्रातील करुणेने बाजारातील माणसाची बेडी तुटली नाही.

आता आपल्याकडे पाहू. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ मध्ये मुंबईत रवि वर्म्याचा. शिळाछापाच्या लक्ष्मी-सरस्वती गावोगाव पोचल्या. तिकडे चित्रे देवळाबाहेर काढली गेली होती. इकडे माणसे देवळाबाहेर ठेवलेली होती. छापील देवाला शिवाशीव नव्हती, तो महारवाड्यातही आला. पण म्हणून देवळाचे दार उघडले काय? २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावाच लागला. ते दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आमच्या शेजारच्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. दागिन्यांनी मढलेल्या त्या देवांच्या चित्रांत आपला चेहरा नव्हता. आपण गिऱ्हाईक होतो, विषय नव्हतो.

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतील देवांच्या तसबिरी उतरल्या आणि बुद्ध व बाबासाहेब आले. ही क्रांतीच आहे. परंतु समीक्षकाने आपल्या माणसांनाही प्रश्न विचारले पाहिजेत. मागे तेजोवलय काढलेले, एकटे उभे असलेले बाबासाहेब छापताना आपण जुन्याच साच्यात नवा देव ओतीत नाही ना? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर गेलेली हजारो माणसे त्या तसबिरीत कोठे आहेत? बाबासाहेब एकटे गेले नव्हते.

रेम्ब्रांटने गर्दी रेखाटली, हे त्याचे मोठेपण. पण त्याची गर्दी हात पसरून वाट पाहते. महाडची गर्दी ओंजळीने पाणी पिते. हा फरक आपल्या सौंदर्यशास्त्राचा पाया आहे. आपल्या चित्रकारांनी तो कागदावर आणावा, आणि आपल्या प्रकाशकांनी तो कष्टकऱ्याला परवडेल अशा किमतीत छापावा.