उसाचा दर आणि पुस्तकाचा दर

दिवाळी जवळ आली की आमच्या जयसिंगपुरात दोन गोष्टींचा गलबला सुरू होतो. एक फराळाच्या भट्ट्यांचा आणि दुसरा उसाच्या दराचा. विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, शिरोळ-हातकणंगल्याकडची माणसे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून येतात, आणि ध्वनिक्षेपकावरून एकच प्रश्न गावभर घुमत राहतो : पहिली उचल किती? माझ्या नावावर उसाची एक सरीदेखील नाही. मी निवृत्त मास्तर. माझा धंदा पुस्तके वाचण्याचा, आणि तोही बिनपैशाचा. तरीसुद्धा गेल्या खेपेस गॅलरीत बसून ती भाषणे ऐकताना माझ्या मनात एक विचित्र विचार आला. उसाला दर मागण्यासाठी एवढे मोठे मैदान भरते. मग पुस्तकाच्या दरासाठी या राज्यात कधी चार माणसे तरी एकत्र बसली आहेत काय?

वाचकांना हे मास्तरी खूळ वाटेल. परंतु त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे, आणि तीत अपराधी मीच आहे. तेव्हा ती आधी सांगून टाकतो.

हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वसवले आणि त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. अशाच एका नंबराच्या गल्लीच्या तोंडाशी एक पुस्तकाचे दुकान आहे. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. पूर्वी त्यांच्याकडे कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि कविता यांची चार कपाटे होती. आता दीड उरले आहे. बाकीच्या जागेत वह्या, कंपासपेट्या, गाईडे आणि लग्नपत्रिकांचे नमुने. एके दिवशी तिथे मी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी पाहिली. उभ्या उभ्या प्रस्तावना वाचली, मधली दहा-बारा पाने चाळली. किंमत साडेचारशे. "बघतो," म्हणून बाहेर पडलो. घरी मुलाने फोनवर तीच कादंबरी दोनशे ब्याण्णव रुपयांना शोधून दिली, घरपोच. मी मान डोलावली.

चौथ्या दिवशी पार्सलवाला पोरगा आला तो घर न सापडल्याने गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि त्याने पत्ता विचारला तो नेमका अण्णांना. अण्णांनी पुडके हातात घेतले, बोटाने दाबून पाहिले. तीस-पस्तीस वर्षे पुस्तकांची पुडकी सोडणाऱ्या माणसाला आत काय आहे ते सांगावे लागत नाही. "सरांचं घर व्हय, डावीकडनं तिसरं," असे सांगून त्यांनी त्याला धाडून दिले. हे मला त्या पोराकडूनच कळले. अण्णा त्याबद्दल आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत, आणि मला तेच अधिक लागले आहे.

आता या व्यवहाराचा हिशेब पाहू. तीनशे रुपये छापील किमतीचे पुस्तक गावातल्या दुकानदाराला, समजा, शेकडा तीस कमिशनने मिळाले, तर त्याचे खरेदीचे मोल झाले दोनशे दहा. उरलेल्या नव्वदांतून पार्सलचे भाडे, दुकानाचे भाडे, वीज आणि वर्षानुवर्षे न विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत अडकलेले भांडवल. तेच पुस्तक कोणी फोनवर एकशे नव्व्याण्णवला विकू लागला, तर आमच्या दुकानदाराने प्रकाशकाकडून घेण्याऐवजी त्याच्याकडूनच घ्यावे, हे शहाणपणाचे! ही थट्टा नव्हे. २००७ साली हॅरी पॉटरचा शेवटचा भाग निघाला, तेव्हा इंग्लंडात १७ पौंड ९९ पेन्स किमतीचे ते पुस्तक अॅस्डा या किराणामालाच्या महादुकानाने ५ पौंडांस विकले. आणि काही छोट्या पुस्तकविक्रेत्यांनी घाऊक व्यापाऱ्याचा नाद सोडून त्या किराणा दुकानांतूनच प्रती उचलल्या. बटाटे आणि साबण घ्यायला आलेले गिऱ्हाईक आत ओढण्यासाठी पुस्तक हे आमिष होते. आमिषावर कोळी नफा काढीत नसतो.

आपल्याकडे किराणामालाच्या महादुकानांनी पुस्तकांना फारसा हात लावला नाही. ते काम फोनवरच्या बाजाराने केले. २००७ सालीच बंगळुरात फ्लिपकार्ट निघाले ते पुस्तके विकण्यासाठी. २०१३ साली अॅमेझॉनने हिंदुस्थानात दुकान थाटले तेही प्रथम पुस्तकांवरच. आणि २०१८ साली फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा वॉलमार्टने, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या किराणा दुकानदाराने, विकत घेतला. तेव्हा नाव काहीही द्या, गल्ली तीच आहे.

या सवलतीचा मार नेमका कोठे बसतो, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. सवलत सगळ्याच पुस्तकांवर सारखी नसते. ती असते खपाऊ पुस्तकांवर. 'मृत्युंजय', 'ययाति', 'श्रीमान योगी' ही पुस्तके मराठी दुकानदाराची दुभती जनावरे. त्यांच्या दुधावर तो भाकड गुरे पोसतो : नव्या कवीचा पहिला संग्रह, कुठल्याशा प्राध्यापकाचा ग्रामदेवतांवरचा अभ्यास, दोन वर्षांत एखादी प्रत जाणारे एखादे आत्मचरित्र. दुभती म्हैस दुसऱ्याने ओढून नेली की गोठ्यातली भाकड गाय आपोआप उपाशी मरते. अण्णांची अडीच कपाटे गेली ती अशी. खपाऊ पुस्तके लोकांना मिळतच आहेत, उलट स्वस्त मिळताहेत. गेली ती, जी कोणी मागितली नव्हती पण समोर दिसली म्हणून घेतली गेली असती. मी आयुष्यात वाचलेल्या चांगल्या पुस्तकांपैकी निम्मी अशीच हाती लागली आहेत, दुसरेच काहीतरी शोधताना.

सवलत म्हटली की माझ्यासारख्याने लगेच नाक मुरडावे, असे मात्र नाही. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली एका सिनेमागृहाच्या आवारातल्या टपरीवजा जागेत ते सुरू केले आणि शेकडा वीस सूट हा आपला बाणाच केला. मुंबईच्या दोन-तीन पिढ्या त्या सुटीवर पुस्तके घेत वाढल्या. परंतु ती सूट शानभाग आपल्या नफ्यातून देत, आणि गिऱ्हाइकाच्या हातात कोणते पुस्तक द्यावे याची त्यांना अचूक जाण होती. २०१८ च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झाले. ज्याने सवलतीवर नाव मिळवले त्यालाही पुढे सवलतीच्या बाजारात उभे राहणे कठीण झाले.

दुसरे उदाहरण ग्रंथालीचे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी वाचक चळवळ म्हणून ती काढली. वाचकाकडून आधी पैसे घ्यायचे आणि त्याला पुस्तक कमी किमतीत द्यायचे. तिथे स्वस्ताई होती, पण तिच्यामागे वाचक आणि प्रकाशक यांचा करार होता. प्रकाशनपूर्व सवलतीचेही तेच. आणि साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वरचा हक्क २०१० साल संपताना संपला, तेव्हापासून ते पुस्तक कोणीही छापू शकतो. ते स्वस्त झाले तर त्यात कोणाचे पोट मारले जात नाही. म्हणून स्वस्त पुस्तक समोर आले की मी एकच विचारतो : ही सूट कोणाच्या खिशातून आली?

याचे उत्तर कधीकधी फार गमतीचे निघते. आमच्या भागात मध्यंतरी 'कोणतेही पुस्तक पन्नास रुपये' अशी प्रदर्शने लागत. बायाबापड्या पिशव्या भरभरून पुस्तके नेत, आणि ते दृश्य पाहून मलाही आनंद होई, खोटे कशाला बोलू? पण त्यानंतर घरोघर एक प्रश्न रुजला : पन्नासला परवडते तर अण्णा अडीचशे कसे घेतात? अण्णा लबाड ठरले. दुसऱ्या बाजूला काही प्रकाशकांनी ओळखले की गिऱ्हाइकाला सवलतीचा आकडा दिसला पाहिजे. मग दोनशेच्या लायकीच्या पुस्तकावर तीनशे छापायचे आणि शंभर सोडायचे. दिवाळीत साड्यांच्या दुकानात चालते तेच! म्हणजे छापील किंमत ही आता किंमत राहिली नाही. ती सूट मोजण्याची खुंटी झाली. आणि पूर्ण खुंटीभर पैसे भरतो कोण? तर ज्याच्याजवळ फोन नाही तो, आणि अण्णांशी इमान राखणारा एखादा भला माणूस.

इथे मला पुन्हा विक्रमसिंह मैदान आठवते. उसाला केंद्र सरकार दर ठरवून देते. २००९ पासून त्याला 'रास्त व किफायतशीर दर' म्हणतात, आणि त्याहून कमी देण्याची कारखान्याला मुभा नाही. पुढे साखरेचा भाव कोसळला, तेव्हा २०१८ साली कारखान्यातून साखर २९ रुपये किलोच्या खाली विकू नये असा हुकूम निघाला, २०१९ साली तो आकडा ३१ झाला. म्हणजे साखरेला जमीन आहे. पुस्तकाला मात्र फक्त छप्पर : छापील किमतीच्या वर विकू नये एवढेच, खाली कितीही उतरा.

पुस्तकाला अशी जमीन देणारे देश आहेत. फ्रान्समध्ये १९८१ साली जॅक लँग या मंत्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. नव्या पुस्तकावर शेकडा पाचांहून अधिक सूट देता येत नाही, मग विकणारा गल्लीतला असो की किराणा महादुकान. घरपोच पाठवण्याच्या नावाखाली पळवाट निघाली, तेव्हा २०२३ साली ३५ युरोंच्या आतील मागणीवर किमान ३ युरो टपालखर्च आकारण्याची सक्ती केली. जर्मनीतही पुस्तकाचा भाव बांधलेलाच आहे. उलट इंग्लंडात १९०० सालापासून पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक यांच्यात असा करार होता. तो १९९५ साली मोडला, १९९७ साली न्यायालयाने बेकायदा ठरवला, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथली स्वतंत्र दुकाने निम्म्याच्या खाली आली. मग ती थोडी सावरली, हेही सांगितले पाहिजे. पण सावरली ती चहा-कॉफी, लेखकभेटी आणि मुलांचे कार्यक्रम यांच्या आधाराने. अण्णांच्या आठ बाय बाराच्या दुकानात लेखक बसवायचा तर अण्णांना बाहेर उभे राहावे लागेल.

माझ्या या म्हणण्याला एक आडवा सवाल आहे आणि तो खरा आहे. खिद्रापुरातल्या एखाद्या मुलीला हवे ते पुस्तक आज चार दिवसांत दारी मिळते; पूर्वी तिला जयसिंगपूर, तिथून सांगली असा धक्का खावा लागे, आणि तरीही मिळेलच अशी खात्री नसे. त्या सोयीवर माझा आक्षेप नाही. ती मुलगी घरपोच पुस्तकाची सोय सोडणार नाही, सोडूही नये. माझे भांडण दीडशे रुपयांशी आहे. तेच पुस्तक दोघांकडे एकाच भावाने मिळाले असते, तर मी त्या दिवशी चार दिवस थांबलोच नसतो. तिथल्या तिथे उचलले असते.

अण्णांच्या पोटजातीचा दोषही सांगतो, नाहीतर हा लेख एकांगी व्हायचा. पुष्कळ दुकानदारांनी मागितलेले पुस्तक मागवून देण्याचा आळस केला. "औट ऑफ प्रिंट" हे त्यांचे आवडते उत्तर. छापखान्याची शाई ओली असलेल्या पुस्तकालाही मी ते ऐकले आहे. ग्रंथालयांना जास्तीत जास्त कमिशन देण्याच्या चढाओढीत मालही तसाच खपवला गेला. ज्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, सबंध हिंदुस्थानात सर्वांआधी, ग्रंथालयांचा कायदा केला, त्या मुलखातल्या वाचनालयांच्या कपाटांत आज कमिशन पाहून घेतलेली पुस्तके न उघडता पडली आहेत, हे पाहून जीव तुटतो.

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळासोबत अंक येतो. आता अंकांचेही संच निघतात, तीनांवर एक फुकट, वर तोरण किंवा उटण्याची पुडी. हा अंकही कदाचित तुमच्या हाती तसाच आला असेल. माझी तक्रार नाही. मला मानधन अंकाच्या छापील किमतीवर मिळत नाही.

परवा अण्णांकडे गेलो होतो. विदर्भातल्या एका नव्या लेखिकेचा कथासंग्रह हवा होता, तो अर्थातच नव्हता. मी म्हटले, "अण्णा, मागवून देता का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"फोनवर स्वस्त मिळंल की, सर."

"मिळू दे."

त्यांनी शाळेची पावती-पुस्तके बाजूला सारून मागणीची जुनी वही काढली. शेवटची नोंद सात महिन्यांपूर्वीची होती. तिच्याखाली माझे नाव लिहिले, पुस्तकाचे नाव दोनदा विचारून घेतले, आणि म्हणाले, "पुण्याचं पार्सल गुरुवारी येतंय. दहा टक्के सोडतो तुम्हाला."

"सोडू नका," मी म्हणालो.

"न्हाई, सगळ्यांनाच सोडतो," ते म्हणाले, आणि वही मिटून टाकली.