वाक्यातील कर्ता

समीक्षालेखाचे पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखन तपासणे आणि दोन-चार शब्द बदलून लेख 'वाचनीय' करणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वाक्य दुरुस्त करायला घ्यावे आणि त्यात विधानच सापडू नये, असे अनेकदा घडते. या अनुभवाविषयी आपण फारसे बोलत नाही.

माझ्याच एका जुन्या लेखातले वाक्य घेतो : 'प्रस्तुत कादंबरीतील स्त्री-व्यक्तिरेखांच्या चित्रणाच्या संदर्भातील लेखकाच्या भूमिकेच्या स्वरूपाचा विचार होणे आवश्यक ठरते.' व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण षष्ठीची साखळी एवढी लांब, की क्रियापदापर्यंत पोचेतो वाचकाची दमछाक व्हावी. आणि पोचल्यावर मिळते काय, तर 'आवश्यक ठरते'. विचार कोणी करायचा? आवश्यक कोणाला? पुनर्लेखनात मी ते असे केले : 'या कादंबरीतल्या स्त्रियांविषयी निवेदक सतत बोलतो, त्यांना मात्र बोलू देत नाही.' वाक्य सुटसुटीत झाले हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाचे असे, की आता ते चूक ठरू शकते. अमुक प्रकरणात नायिका बोलते, हे कोणीही कादंबरी उघडून दाखवू शकेल. पहिल्या वाक्याला हा धोका नव्हता. (पुढे कादंबरी पुन्हा वाचली, तेव्हा 'सतत' हा शब्द मला काढावा लागला.)

इंग्रजी लेखनमार्गदर्शकांतला 'कर्मणी प्रयोग टाळा' हा उपदेश मराठीत जसाच्या तसा चालत नाही. 'समीक्षकाने कादंबरी वाचली' हे वाक्यही आपल्या व्याकरणानुसार कर्मणीच आहे. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, पण कर्ता समोर उभा असतो. 'कादंबरीचे वाचन करण्यात आले' यात मात्र कर्ता पसार होतो, आणि 'वाचणे' हे जिवंत क्रियापद नाम होऊन 'करण्यात आले'च्या कुबड्यांवर उभे राहते. शासकीय परिपत्रकाला ही रचना शोभते, कारण तेथे व्यक्ती नव्हे, कार्यालय बोलत असते. समीक्षेतला मूल्यनिर्णय कार्यालय देत नाही.

लांब वाक्य हा दोष नव्हे. १८७४ साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची वाक्ये आजच्या मानाने लांबलचक आहेत. परंतु कोण कोणावर प्रहार करीत आहे, याविषयी वाचक संभ्रमात पडत नाही. उलट आखूड वाक्यातही 'दिसून येते', 'जाणवते', 'म्हणता येईल' यांच्या आड लपता येतेच. त्यातही 'म्हणता येईल' सर्रास. आपण ते नम्रतेचे लक्षण मानतो, आणि कधी ते तसे असतेही. पुराव्याच्या मर्यादेत बोलणाऱ्याला त्याची गरज असते. पुनर्लेखनात ते एकेका ठिकाणी खोडून पाहावे : त्यावाचून विधान खोटे होत असेल, तर राहू द्यावे. माझ्या त्या लेखात ते अकरा ठिकाणी होते. दोन ठिकाणी राहिले.