प्रयोगाचे एकक : ब्राउझरमधील अक्षरखेळ आणि देवनागरी

मराठीत प्रयोग प्रयोगशाळेतही होतो आणि रंगभूमीवरही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या सर्जनशील प्रयोगांना हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. आज्ञावली ही त्यांची संहिता; वाचकाचा हात फिरला की तिचा प्रयोग घडतो, आणि दोन प्रयोग सहसा सारखे होत नाहीत. जावास्क्रिप्ट १९९५ साली जन्मली. गूगलने 'क्रोम एक्स्पेरिमेंट्स' हा अशा कृतींचा संग्रह २००९ मध्ये सुरू केला. या कृतींची चर्चा बहुधा वाचकाच्या सहभागापाशी थांबते. वाचक सहनिर्माता होतो हे खरेच; परंतु त्याच्या हाती नेमके काय दिले जाते, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

या प्रयोगांतील एक रूढ प्रकार असा : शब्द घ्यावा, त्याची अक्षरे सुटी करावीत, कर्सर जवळ येताच ती पांगावीत आणि दूर जाताच पुन्हा जुळावीत. रोमन लिपीत हे सहज साधते. यवतमाळ जिल्ह्यातील 'केळापूर' हे नाव मात्र याच आज्ञावलीला दिले, तर वाचकाला चार अक्षरे दिसतात आणि यंत्र सात चिन्हे मोजते. क, ळ, प आणि र यांच्यापासून एकार, काना व ऊकार तुटून निघतात; आधार हरवलेली मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून पडद्यावर भटकते. विस्कटतो तो शब्द नव्हे, अक्षर.

याच तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या गोंडीची अवस्था याहून बिकट आहे. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गावाचे नाव धारण करणारी गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. दोन्ही लिपींची जागा पहिल्या ६५,५३६ स्थानांपलीकडे आहे. जावास्क्रिप्टची मूळ मोजणी त्या मर्यादेत बांधलेली असल्याने तिथे एका वर्णाची लांबी दोन भरते, आणि भाबडी आज्ञावली त्याचे जे दोन तुकडे करते त्यांपैकी एकही वर्ण नसतो.

हा केवळ तांत्रिक दोष मानणे सोयीचे असले तरी समीक्षेला पुरेसे नाही. नियमबद्ध रचना मराठीला नवी नाही. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले. ज्याच्या नावातच 'म' आहे त्या नायकाची कथा अशा बंधनात सांगितली. मम्मटाने चित्रकाव्याला काव्यात कनिष्ठ स्थान दिले असले, तरी मोरोपंतांच्या बंधनाची एक बाजू निर्विवाद आहे : ते भाषेच्या उच्चारातूनच घेतलेले आहे, आणि वाचकाचे ओठ ते पडताळू शकतात. ब्राउझरमधील अक्षरखेळाचे बंधन पुष्कळदा कर्त्याने निवडलेले नसते. ते साधनासोबत आलेले असते.

यावर असा आक्षेप संभवतो की, मोडतोड हीच आधुनिक कलेची रीत आहे; मग तुटलेली मात्रा अर्थपूर्ण का नसावी? ती अवश्य असू शकते. परंतु निवडलेला भंग आणि वारशाने आलेला भंग पडद्यावर एकसारखे दिसतात. त्यांतील भेद संहितेतच सापडतो. देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत दिला, आणि अक्षरानुसार शब्द सोडवण्याची सोयही जावास्क्रिप्टमध्ये आता आहे. त्यामुळे अक्षर राखणे किंवा फोडणे हा यापुढे कर्त्याचा निर्णय ठरतो, आणि निर्णय म्हटला की तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

नाट्यसमीक्षेने प्रयोग पाहताना संहिता बाजूला सारली नाही. या नव्या प्रयोगांच्या समीक्षकालाही आज्ञावली वाचावी लागेल. आणि तिला पहिला प्रश्न विचारावा लागेल तो असा, की 'केळापूर'मध्ये तिने किती अक्षरे मोजली?