सातबारा ही वस्तू नव्हे : तक्ते, ऑब्जेक्ट आणि मधला दुभाषा



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं डेटाबेसवर काय बोलावं, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. पण आजचा विषय मूळचा आमच्याच घरातला आहे. जगात आधी वस्तू असतात आणि मग त्यांच्यात संबंध जुळतात, की संबंध हासुद्धा वस्तूइतकाच स्वतंत्र पदार्थ आहे, हा वाद वैशेषिकांपासून चालू आहे. गेली काही दशकं हाच वाद प्रोग्रामर मंडळी घालताहेत. त्यांच्याकडे त्याला ओआरएम म्हणतात, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग. डेटाबेसमधल्या तक्त्यांचं प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करून देणारा दुभाषा. या दुभाष्यावर मला टीका करायची आहे. पण ती नीट करायची, म्हणजे आधी त्याचं काम काय ते समजून घ्यावं लागेल.

दोन घराणी आहेत. पहिलं तक्त्यांचं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञानं असा विचार मांडला की माहिती साठवताना ती यंत्रात कुठे, कशी पडली आहे याचा विचार वापरणाऱ्याला करायला लावू नका. सगळं तक्त्यांत मांडा. ओळी आणि रकाने, बस. एका तक्त्यातून दुसऱ्यात जायचं तर दोन्हीकडे असलेल्या मूल्याच्या आधारानं जा. दुसरं घराणं ऑब्जेक्टचं. ते नॉर्वेतलं. ओस्लोमध्ये डाल आणि नायगार्ड या दोघांनी १९६७ साली सिम्युला नावाची भाषा पुढे आणली. तिथे ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःची माहिती आणि स्वतःची कामं पोटात घेऊन बसलेली एक स्वतंत्र चीज. बाहेरच्यानं तिच्या पोटात हात घालायचा नाही, तिला फक्त सांगायचं, अमुक कर.

आता तुमचा मुलगा पुण्यात नोकरीला लागतो. कार्यक्रम लिहितो जावामध्ये किंवा पायथॉनमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या भाषेत. आणि माहिती असते तक्त्यांत. दोन्हींच्या मध्ये कुणीतरी हवा. २००१ मध्ये जावासाठी हायबरनेट आलं, २००४ मध्ये रूबी ऑन रेल्स आलं, पाठोपाठ पायथॉनचं जँगो. या सगळ्यांचं आश्वासन एकच : तुम्ही तक्त्यांचा विचारच करू नका, क्लास लिहा, बाकीचं आम्ही बघतो.

हे आश्वासन तपासायला मी अमेरिकेतलं उदाहरण घेणार नाही. आपल्याकडे तक्त्यांची एक फार मोठी व्यवस्था कॉडच्या कितीतरी आधीपासून आहे आणि ती इथल्या प्रत्येकाच्या घरात पिशवीत घालून ठेवलेली आहे. सातबारा. इंग्रजांच्या काळात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमाराला जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, ती कुठून सुरू केली? इंदापूर तालुक्यातून. म्हणजे आपल्या करमाळा तालुक्याच्या शेजारून, भीमेपलीकडून. पुढे तलाठी दप्तराचे गाव नमुने ठरले. नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंदवही, दोन्ही एका कागदावर म्हणून सातबारा. आठ-अ म्हणजे खातेदारवार उतारा. सहा म्हणजे फेरफार, सहा-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणं, सहा-क म्हणजे वारस. एकातून दुसऱ्यात कसं जायचं? गट नंबरावरून, खाते नंबरावरून, फेरफार नंबरावरून. म्हणजे बघा, कॉडची कल्पना चावडीत शाईनं लिहिलेली होती.

आता एखादा हुशार तरुण याचे क्लास करायला बसला असं समजा. तो काय करेल? पहिला क्लास 'खातेदार', दुसरा 'गट'. खातेदाराच्या पोटात त्याच्या गटांची यादी. किती सरळ! शंकररावाची जमीन शंकररावाच्या पोटात. आणि इथेच गाडं रुळावरून घसरतं.

एक तर दिशा. खातेदाराच्या पोटात गट घातले की खातेदाराकडून गटाकडे जाता येतं. पण बँकेचा माणूस गट नंबर घेऊन येतो आणि विचारतो, याचे मालक कोण? मग गटाच्या पोटातही खातेदारांची यादी घालावी लागते, आणि एका बाजूला बदल केला की दुसऱ्या बाजूला करायचं ध्यान ठेवावं लागतं. तक्त्याला अशी दिशाच नसते. तलाठी गटावरून खात्याकडे जातो, खात्यावरून गटाकडे येतो, नोंद तीच.

त्याहून मोठा प्रश्न हिश्श्याचा. एका गटात तीन भाऊ आणि एक बहीण. एकाचा हिस्सा चार आणे, दुसऱ्याचा सहा. हा 'चार आणे' कुणाच्या पोटात ठेवायचा? भावाच्या पोटात ठेवावा तर त्याला दुसऱ्या गटात आठ आणे आहेत. गटाच्या पोटात ठेवावा तर तिथे चार जण आहेत. तो दोघांपैकी कुणाचाच गुण नाही. तो दोघांमधल्या नात्याचा आहे. अनेकांचं अनेकांशी नातं असेल तर ओआरएम मागच्या मागे एक जोड-तक्ता आपोआप तयार करून देतं. पण त्यात दोन्हीकडचे नंबर तेवढे असतात, हिस्सा लिहायला जागा नसते. हिस्सा लिहायचा म्हटलं की प्रोग्रामरला मुकाट्यानं तिसरा क्लास करावा लागतो आणि त्याला नाव द्यावं लागतं. मी सांगतो नाव : स्वत्व.

हा शब्द मी उगाच वापरत नाही. बंगालमध्ये नवद्वीपला १५०० च्या आसपास रघुनाथ शिरोमणी नावाचा नव्य-नैयायिक होऊन गेला. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म वगैरे पदार्थांची यादी बांधली होती. रघुनाथानं ती मोडून पुन्हा लावली. त्यानं सांगितलं की स्वत्व, म्हणजे मालकी, हा वेगळाच पदार्थ मानला पाहिजे. मालकी मालकात सापडत नाही आणि शेतातही सापडत नाही, शेत खणून काढलं तरी. तरीपण ती आहे. दान केलं, विकलं, की ती उपजते आणि नाश पावते, आणि माणूस तोच राहतो, शेतही तेच राहतं. पाचशे वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आजच्या प्रोग्रामरला तिसरा क्लास करताना कळते, आणि तीसुद्धा काम निम्म्यावर आल्यावर.

आता टीकाकारांचं बघू. या विषयावर टीका करणारा मी पहिला नाही. २००६ साली टेड न्यूअर्ड यांनी ओआरएमची तुलना व्हिएतनामच्या युद्धाशी केली. शिरणं सोपं, सुरुवातीला यश, मग रुतत जाणं. उपमा गाजली. पण मला ती अपुरी वाटते, कारण ती रुतण्याचं वर्णन करते, चूक कुठे झाली ते तिच्यातून पुरेसं कळत नाही. त्याआधी १९९५ मध्ये डेट आणि डार्वेन यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की क्लास म्हणजे तक्ता हे समीकरणच चुकीचं. क्लासची बरोबरी करायची तर रकान्यात बसणाऱ्या मूल्याच्या प्रकाराशी करा. मला हे पटतं. 'हेक्टर-आर' हा एक उत्तम क्लास आहे : त्याला बेरीज कळते, शंभर आर झाले की एक हेक्टर होतो हे कळतं. 'तारीख' हा उत्तम क्लास आहे. पण सातबाऱ्यावरची ओळ? ती वस्तू नाही. ते विधान आहे. 'अमुक गटात अमुक खातेदाराचा इतका हिस्सा आहे' असं कुणीतरी केलेलं विधान.

आणि विधान म्हटलं की त्याला दोन गोष्टी चिकटतात. ते खोटं असू शकतं आणि त्याला पुरावा लागतो. आपला कायदा हे जाणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५७ : अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. महसुली नोंदीनं मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं कितीदा तरी सांगितलं आहे. म्हणून तर फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, हरकत आली तर प्रकरण सहा-अ मध्ये जातं, आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावर सातबाऱ्याला अंमल लागतो. नावाशेजारी वर्तुळात फेरफार नंबर असतो. तो त्या विधानाचा पुरावा. जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. कंस केलेलं नाव सांगतं की इथे पूर्वी कोण होतं आणि कोणत्या फेरफारानं गेलं.

ऑब्जेक्टची सवय याच्या उलट. ऑब्जेक्टला मालक नावाचा गुण असतो, तुम्ही त्यात नवीन नाव घालता आणि 'सेव्ह' म्हणता. जुनं गेलं. का गेलं, कुणी घालवलं, कोणत्या कागदानं, ते मुद्दाम वेगळं लिहून ठेवलं नाही तर कुठेच नाही. मंडळी, माझा मूळ आक्षेप हा आहे. वेग कमी होतो हा नाही.

वेगाचं सांगायचं तर तेही खरं आहे, पण एका वाक्यात संपतं. चारशे खातेदारांची यादी काढताना दुभाषा आधी यादीसाठी एकदा विचारतो आणि मग प्रत्येकाच्या जमिनीसाठी एकेकदा, म्हणजे चारशे एक हेलपाटे. तलाठ्याला 'सगळं आठ-अ दाखवा' म्हणण्याऐवजी चारशे एक वेळा चावडीची पायरी चढल्यासारखं. यावर उपाय आहेत, ते शिकता येतात. विधानाची वस्तू झाली तर त्यावर उपाय कोणता?

यात पणाला काय लागतं ते बघा. विज्ञानेश्वरांची मिताक्षरा चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. तिचं म्हणणं, वडिलार्जित मालमत्तेत मुलाचं स्वत्व जन्मानं उपजतं. कागदावर नाव लागो न लागो. आपल्याकडे १९९४ साली राज्याच्या दुरुस्तीनं आणि २००५ साली देशाच्या कायद्यानं मुलीलाही हा जन्मानं हक्क दिला. तो हक्क आहे. सातबाऱ्यावर मात्र बहुधा 'ए.कु.पु.' म्हणून एका थोरल्या पुरुषाचं नाव. कागदाचा माणूस जाणतो की 'एकत्र कुटुंब पुढारी' हे नाव प्रतिनिधीचं आहे, त्याच्यामागे माणसं आहेत. पण क्लास लिहिणाऱ्यानं 'मालक' असा एक रकाना धरला की पुढारी मालक होऊन बसतो आणि बहीण त्या पडद्यावर नसतेच. तिनं हरकत कशावर घ्यायची? विधानावर हरकत घेता येते. पडद्यावर जे 'आहे' म्हणून दिसतं त्यावर घ्यायचं माणसाच्या मनातच येत नाही.

आणि वस्तू गेली तरी संबंध उरतो, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. शेत दिसत नाही, बांध दिसत नाही. पण मोबदला, पर्यायी जमीन, पुनर्वसनाचे शेरे, ही नाती माणसं पुढच्या पिढीतही सांभाळत बसली. वस्तू मिटली म्हणून तिच्याबरोबर सगळी नाती मिटवणारी व्यवस्था इथे चालली असती का? ओआरएममध्ये अशी एक सोय असते, वरचं पुसलं की खालचं आपोआप पुसायचं. सोय चांगली आहे. कुठे लावायची याचा विचार मात्र यंत्र करत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही टीका एकांगी होईल. दुभाषा हवा. त्याच्यामुळे रोजचं कंटाळवाणं लिखाण वाचतं. बाहेरून आलेला मजकूर सरळ क्वेरीत चिकटवला की चोराला दार उघडं राहतं, ते दुभाषा बऱ्याच अंशी बंद करतो. केममधल्या एखाद्या कुंकू कारखानदाराला माल, गिऱ्हाईक आणि उधारी एवढंच सांभाळायचं असेल तर खुशाल ओआरएम वापरावं, कोणी मरत नाही. माझा आक्षेप दुभाष्याला नाही. दुभाषा आहे म्हणून मूळ भाषा शिकायचीच नाही, या वृत्तीला आहे. शेवटी कोर्टात मूळ कागद लागतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, क्लास लिहायला बसण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही ओळ कुणी केलेलं विधान आहे? ते कोणत्या कागदावर उभं आहे? आणि ते बदललं तर जुनं कुठे राहील? उत्तरं सापडेपर्यंत आधी तक्ते काढा, हातानं, वहीत. नात्यांना नावं द्या, मग वस्तूंना. आणि जमलं तर एकदा आपल्या घरचा जुना, हाताचा सातबारा काढून त्यातला प्रत्येक कंस आणि प्रत्येक वर्तुळ आजोबांना किंवा आजीला विचारून समजून घ्या. डेटाबेसचा एवढा चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.