क्लबफूटवरचा ३० वर्षांचा पेपर: काय सिद्ध होतं, काय नाही

प्रपोजल लिहायला बसलं की आपण सगळेच एक गोष्ट करतो. गाजलेल्या पेपरचा शेवटचा परिच्छेद उचलतो आणि 'असे सिद्ध झाले आहे' म्हणून पुढे जातो. आज एक चांगला पेपर घेऊन बघू, की 'सिद्ध झालं' याचा नेमका अर्थ किती.

पेपर आहे कूपर आणि डिएट्झ यांचा, १९९५ सालचा, 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'मधला. विषय क्लबफूट, म्हणजे जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेलं असणं. हजार बाळांत साधारण एकाला हे असतं. आयोवा विद्यापीठातल्या इग्नासिओ पोन्सेटी यांनी यावर मोठी शस्त्रक्रिया टाळणारी पद्धत बसवली. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय हळूहळू वळवायचा, बहुतेक बाळांत टाचेमागची शीर छोट्या छेदातून मोकळी करायची आणि मग पट्टीला जोडलेले बूट घालायचे. पहिले तीन महिने जवळपास दिवसभर, नंतर साधारण चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना.

या रुग्णांना सरासरी ३४ व्या वर्षी पुन्हा तपासलं. ४५ जण, ७१ पाय. त्यातले ३५ जण, म्हणजे ७८ टक्के, 'उत्तम किंवा चांगले' निघाले. पायात जन्मजात दोष नसलेल्या ९७ जणांत हे प्रमाण ८५ टक्के होतं.

आधी कौतुक

तुलनेला निरोगी गट घेतला, ही मोठी गोष्ट. तिशी-चाळिशीत पाय कुणाचेही दुखतात. तो गट नसता तर ७८ हा आकडा कमी वाटला असता. दुसरं, यश एक्स-रेवर ठरवलं नाही, वेदना आणि कामातली अडचण यांवर ठरवलं. तिसरं, निकाल पाय मोजून न देता माणसं मोजून दिला. ४५ जणांचे ७१ पाय म्हणजे २६ जणांचे दोन्ही पाय वाकडे होते. एकाच माणसाचे दोन पाय ही दोन स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. अस्थिरोगाच्या पेपरांत ही चूक भरपूर दिसते, तुम्ही करू नका.

आता प्रश्न

७८ आणि ८५ 'जवळपास सारखेच' आहेत का? स्वतः गणित करा. फरक साधारण ७ टक्क्यांचा, पण ४५ जणांच्या नमुन्यावर ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल काढला तर तो साधारण २१ टक्के वाईटपासून ७ टक्के चांगल्यापर्यंत पसरतो. म्हणजे फरक सापडला नाही, एवढंच म्हणता येतं. फरक नाहीच, असं नाही. शिवाय ३० वर्षांनी जे सापडले आणि आले तेच मोजले गेले. जे आले नाहीत त्यांचे पाय कसे होते, हे या आकड्यात नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते लेखकांचंच एक निरीक्षण: बैठं काम आणि आटोक्यातलं वजन असेल तर दूरचा परिणाम चांगला राहू शकतो. हे वाक्य आमच्या वाशीत आणून ठेवा. नवी मुंबईतलं नाही, धाराशिव जिल्ह्यातलं वाशी. इथे बैठं काम कितीजणांना मिळतं? खुरपणीला उकिडवं बसायचं, ढेकळांतून चालायचं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढायचं. आयोवातला 'चांगला' पाय या कामात चांगला राहील का, हे तो पेपर सांगत नाही. सांगायचा त्याचा दावाही नाही. दावा आपण करतो, संदर्भ देताना.

'पालकांनी ऐकलं नाही'

या विषयावरच्या नंतरच्या पेपरांत वाकडेपणा परत येण्याचं मुख्य कारण एकच दिसतं: बूट-पट्टी न वापरणं. निष्कर्ष पटण्यासारखा आहे, शब्द मात्र तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्यात क्लबफूट आहे. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि मूल जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं जातं. पण आमच्या भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. उचल घेतलेलं जोडपं बाळ घेऊन खोपीत राहतं. पाय वाढला, बूट लहान झाला, तर नवा कुठून आणायचा? आपल्या तक्त्यात या घरापुढे 'सूचना पाळली नाही' असा १ लिहिला जातो आणि कारण तिथेच गाडलं जातं. मग उपाय म्हणून 'पालकांचं समुपदेशन' सुचवलं जातं, बूट कारखान्याजवळ मिळावा असं कुणी सुचवत नाही.

म्हणून पोन्सेटी पद्धत चुकीची ठरते का? अजिबात नाही. मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांचा तितकाच दीर्घ पाठपुरावा डॉब्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये छापला; त्यात बऱ्याच जणांचे पाय ताठर आणि दुखरे निघाले. त्यामुळे पद्धत हीच वापरावी. मोजायचं काय, ते मात्र आपल्याकडचं ठरवावं लागेल.

एक काम देतो. तुमच्या विषयातला गाजलेला एक पेपर घ्या आणि तीन ओळी लिहा: कोण मोजलं गेलं नाही, 'यश' कोणाच्या कामावरून ठरलं, आणि 'रुग्णाने पाळलं नाही' या रकान्यात कोणकोणती कारणं एकत्र कोंबली आहेत. तिसऱ्या ओळीत बहुधा तुमचा संशोधनप्रश्न सापडेल.